डिचोलीचे टोपीकर

आमची ओळख झाली ती न खाण्याच्या पुड्यांवरून. डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर मी नुकतीच रुजू झाले होते. खिडकीपुढे येणारा प्रत्येक जण चिठ्ठी पुढे करायचा. या गृहस्थांनी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे केला आणि म्हणाले, "बाय, गुळ्यांच्या बाटलीत ल्हान पुड्यो आसतात न्हय, 'खाऊ नये' म्हणून बरयल्ल्यो? त्यो उडोव नाका. माका दी."

"कशाला?" मी विचारलं.

"चेप्यांक."

मी पेडण्याची. चेपें म्हणजे साहेबी हॅट हे मला कळत होतं, पण हॅटला औषध लागतं हे फार्मसीच्या कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. मागे उभा असलेला एक म्हातारा हसून म्हणाला, "दी गो ताका. तो टोपीकर."

टोपीकर हा शब्द मी शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकला होता. जुन्या मराठी कागदांत इंग्रज, फिरंगी, वलंदेज या सगळ्यांना मिळून टोपीकर म्हणत. डिचोलीत मात्र तो एका ट्रकवाल्याला चिकटला होता, आणि ट्रकवाला तो पदवीसारखा मिरवत होता. मी त्यांना डबाभर पुड्या दिल्या, म्हणजे वेड्याच्या नादी कोण लागणार म्हणून दिल्या.

मी राहायला खोली शोधत होते आणि त्यांच्या घराची माडी रिकामी होती, असं करत महिन्याभरात मी त्यांची भाडेकरू झाले. ते माझे काका झाले, त्यांची बायको काकी. लग्न होईपर्यंत मी त्या माडीवर राहिले आणि लग्नानंतरही वाट वाकडी करून जात राहिले. काका आता नाहीत. असते तर हे मी लिहिलं नसतं. तसं त्यांनी बजावूनच ठेवलं होतं.

एके काळी त्यांच्या दारात खनिजाचे ट्रक उभे असत. डिचोलीत ज्याच्या दारात ट्रक त्याला शेट म्हणतात, तसे तेही शेट होते. खाणी बंद पडल्या तेव्हा बाकीचे शेट बाजारातल्या हॉटेलात बसून चहाबरोबर सरकारला शिव्या देऊ लागले. काकांनी ट्रक विकले, गॅरेज धुतलं, जमिनीत मुरलेलं तेल निघेपर्यंत सोडा टाकून घासलं, भिंतींना काचेची कपाटं लावली आणि घरभर खोक्यांत पडलेल्या टोप्या तिथे नेऊन मांडल्या. "ट्रक गेले तें बरें जालें," ते म्हणायचे. "ट्रकाक डिझेल लागता. चेप्यांक फक्त पुड्यो."

"आनी बायल," काकी आतून म्हणायची. "रोज झाडूंक."

आमच्या हवेत फेल्टची टोपी सांभाळणं म्हणजे विहिरीच्या काठावर पापड वाळवणं. आषाढात भिंतींना घाम सुटतो, चपलांना बुरशी येते, आणि सशाच्या केसांपासून केलेली ती उंची टोपी म्हणजे तर कसरीला पंगतीचं आमंत्रण. काकांनी प्रत्येक कपाटात एक दिवा लावला होता, वेखंडाचे तुकडे ठेवले होते, आणि ओल शोषायला माझ्या दवाखान्यातल्या पुड्या. रविवारी एकेक टोपी बाहेर काढून ते मऊ ब्रशने झाडत, नेहमी एकाच बाजूला, मांजरीला कुरवाळावं तसं. उलटा हात फिरवलेला त्यांना खपत नसे. मी एकदा फिरवला. त्यांनी टोपी माझ्या हातातून काढून घेतली आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

टोप्या ठेवायला त्यांनी डिचोलीच्या कुंभाराकडून मडकी करून घेतली होती, माणसाच्या डोक्याच्या मापाची. माप घेऊन गेले की कुंभार विचारायचा, "शेट, ही कोणाची तकली?" तकली म्हणजे डोकं. काका गंभीरपणे सांगायचे, "फ्रान्साच्या एका दोतोराची." कुंभारही तितक्याच गंभीरपणे म्हणायचा, "मगीर जरा व्हड करतां. दोतोरांची तकली व्हड आसता." डॉक्टरांचं डोकं मोठं असतं, हे मलाही तेव्हाच कळलं. ती मडकी पालथी घालून त्यांवर टोप्या बसवल्या की गॅरेजात सभा भरल्यासारखी वाटे. काकी पाहुण्यांना सांगायची, "घरात माणसां दोन, आनी तकल्यो पळय कितल्यो."

स्वतः काका मात्र बोडके हिंडायचे. ऊन फार झालं तर खांद्यावरचा तुवाला डोक्याला गुंडाळायचे. इतक्या टोप्या असून एकही का घालत नाही असं कोणी विचारलं की म्हणायचे, "देवळाचो पुजारी देवाच्या पाटार बसता?" आणि मग, विचारणारा जायला निघाला की, मागून ऐकवायचे, "टोपी डोकं झाकता. चेपें माणूस झाकता." यातलं दुसरं वाक्य लोकांना कळायचं नाही, मलाही कळलं नव्हतं, पण ऐकायला भारी वाटायचं.

माणूस भेटला की आपण त्याचं तोंड बघतो. काका टोपी भेटली की ती आधी उलटी करत. वरून सगळ्या सारख्याच, म्हणायचे, खरी टोपी पोटात. आत कपाळाला टेकते ती कातड्याची पट्टी असते. त्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत करणाऱ्याचं नाव आणि गाव छापलेलं असतं. कधी पट्टीमागे मापाचा इवलासा कागद असतो. कधी अस्तरावर राजाचं चिन्ह असतं, म्हणजे हा राजवाड्याला टोप्या पुरवणारा. काका पट्टी जराशी उलटून भिंगातून बघत, वास घेत, आणि मग त्या माणसाबद्दल असं बोलत की जणू तो शेजारच्या मुळगावात राहतो आणि काल बाजारात भेटला होता. "हो लिस्बनचो. हातात कसब आशिल्लें, पण पुतान धंदो बुडयलो." "हो लंडनचो. ह्याचे टाके पळय, बाय. मुंगयेन घातल्ले कशें."

हे सगळं त्यांना कुठून कळायचं? विचारून. टोपीत नाव दिसलं की काका त्या गावच्या लोकांना शोधून ईमेल धाडत. ट्रकांच्या परमिटसाठी आयुष्यभर अर्ज केलेला माणूस, त्याची भाषा ती. "विषय: आपल्या आजोबांनी केलेल्या टोपीबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की आपल्या आजोबांची एक टोपी आमच्याकडे सुखरूप आहे." इंग्रजी मी सुधारून द्यायचे, पण 'सुखरूप' त्यांनी कधी काढू दिला नाही. गंमत म्हणजे उत्तरं यायची. पोर्तुगालहून, इटलीहून, कुठल्या कुठल्या लोकांची. आपल्या आजोबांची टोपी समुद्रापलीकडे कोणा ट्रकवाल्याकडे सुखरूप आहे हे वाचून माणसं हलतात, असा माझा अनुभव आहे. एका इटालियन बाईने तर काकीसाठी लोकरीचा शेला पाठवला. डिचोलीत लोकरीचं काय करणार? काकीने तो पितळी समईवर पांघरला.

जुन्या टोप्या मिळायच्या त्या इथल्याच घरांत. पेडणे, डिचोली, पलीकडे बार्देश. फिरंगी राजवटीत ज्यांनी कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या, ज्यांच्या जमिनी होत्या, त्यांच्या माळ्यांवर. काकांचा एक नियम होता: घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत त्या घराची पायरी चढायची नाही. आणि कधी 'टोपी द्या' म्हणायचं नाही. मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं, सबब. ते ओसरीवर बसत, गाईगुरांची, आंब्याच्या मोहराची चौकशी करत आणि उठताना म्हणत, "एकदां चेपें पळोवूं?" नुसतं बघू का, एवढंच.

टोप्या करणारे पूर्वी वेडे व्हायचे, असं ते सांगत. केसांचा फेल्ट बनवताना पारा वापरत, तो अंगात भिनायचा, हात थरथरायचे, डोकं फिरायचं. हे ते पाहुण्यांना रंगवून सांगत असताना काकी एकदा चहाचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, "हांगा पारो नासतनाच जालो." काकांएवढं मोठ्याने त्या दिवशी कोणी हसलं नाही.

आता नारळाची गोष्ट सांगायलाच हवी, त्याशिवाय हा माणूस कळणार नाही.

काका पोर्तुगीज शाळेत दोन यत्ता शिकले आणि गोवा मुक्त झाला. पुढचं शिक्षण मराठीत. त्यामुळे त्यांचं पोर्तुगीज म्हणजे अर्धं कच्चं आणि अर्धं धाडसी. एका टोपीच्या पेटीवर त्यांना छापलेलं मिळालं, 'शापेऊ द कोकु'. शापेऊ म्हणजे टोपी, कोकु म्हणजे नारळ. नारळाची टोपी! काकांनी महिनोन्‌महिने विचार केला आणि निष्कर्ष काढला, की गोव्याचा काथ्या बोटीने पोर्तुगालला जात होता आणि तिथले टोपीवाले त्याच्या टोप्या करत होते. वाळपईच्या व्याख्यानमालेत त्यांनी या विषयावर भाषण केलं: 'गोव्याचा काथ्या युरोपच्या डोक्यावर'. सभागृहात निम्मे बागायतदार. त्यांच्या छात्या फुगल्या. टाळ्या पडल्या, नारळ देऊन सत्कार झाला, स्थानिक पेपरात चार ओळी आल्या.

पुढे एका पोर्तुगीज बाईकडून त्यांना कळलं, की कोकु हे फक्त आकाराचं नाव. ती कडक, गोल, नारळाच्या करवंटीसारखी दिसणारी टोपी, एवढंच. आत काथ्याचा धागासुद्धा नाही. दुसरा कोणी असता तर पुड्यांच्या डब्यात ती बातमी घालून झाकण लावलं असतं. काका पुढच्या वर्षी पुन्हा वाळपईला गेले. त्या दिवशी मधमाश्यांवर कोणाचं तरी व्याख्यान होतं. मी सोबत होते. त्यांनी आयोजकांकडे पाच मिनिटं मागितली. आयोजक म्हणाले, "शेट, कोणाला आठवतही नाही हो."

"म्हणूनच सांगायला हवं," काका म्हणाले. "विसरलेली चूक खरी होऊन बसते."

आणि ते उभे राहिले. भाषण ते नेहमी शुद्ध मराठीत करत. "गेल्या वर्षी मी तुम्हाला टोपी घातली. आधी मी मला घातली, मग तुम्हाला. काथ्याची टोपी नव्हती. माझं पोर्तुगीज कच्चं होतं." मग सत्कारात मिळालेल्या नारळाबद्दल बदली नारळ त्यांनी टेबलावर ठेवला. मला बसल्या जागी डोळ्यांत पाणी आलं, ते मी मान्य करते. मागच्या रांगेतून एक म्हातारा मात्र उठला आणि म्हणाला, की शेट आता चुकताहेत, गेल्या वर्षीचंच बरोबर होतं, त्याच्या मामाने काथ्याची टोपी डोळ्यांनी पाहिली होती. वाळपईत आजही पुष्कळ लोक मामाच्या बाजूचे आहेत.

असा हा माणूस. टोपीच्या बाबतीत खोटं चालायचं नाही, दुसऱ्याचं तर नाहीच, स्वतःचं मुळीच नाही.

पण हे सगळं सुरू झालं ते एका टोपीपायी, आणि ती टोपी त्यांच्या वडिलांची. गॅरेजात शिरताच समोर, वेगळ्या छोट्या कपाटात ती होती. काळी, कडक, गोल, तीच ती नारळवाली. वडील फिरंगी राजवटीत डिचोलीच्या कचेरीत कारकून होते. कोट, धोतर आणि ही टोपी, असे ते रोज चालत कचेरीला जात, आणि वाटेत जो भेटेल त्याच्यासाठी टोपी उचलत. पाद्रीसाठी, साहेबासाठी, आणि मासळी विकणाऱ्या नुस्तेकान्नीसाठीही. बाजार हसायचा. वडिलांना त्याची पर्वा नसायची. "पणजेच्या दुकानांतल्यान हाडलां," ते मुलाला सांगायचे. "पयल्या पगाराचें." गोवा मुक्त झाला तशी टोपी खुंटीला लागली. वडिलांनी ती पुन्हा घातली नाही आणि कोणाला दिलीही नाही.

काका पुढे ट्रकवाले झाल्यावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्यांना तशीच एक टोपी दिसली. त्यांनी सहज उलटी केली, आणि आत सोनेरी अक्षरांत नाव. टोपीला करणारा असतो आणि तो आपलं नाव आत लिहितो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घरी येऊन त्यांनी वडिलांची टोपी उलटी केली. आत नाव नव्हतं. कातड्याच्या जागी जाड कापडाची पट्टी, आईने हाताने शिवलेली.

आईने त्याचं कारण लहानपणीच सांगून ठेवलं होतं. कपाळाला जिथे गंध लावायचं तिथे कातडं टेकणार? टोपी घरात यायची तर कातडं बाहेर. तिने ते उसवून काढून टाकलं आणि आपल्या सोवळ्याच्या जुन्या लुगड्याची पट्टी लावली. "सोवळ्यांतलें तें. हात लावूं नाका," असं तिने बजावलं होतं. ही काही तिची एकटीची तऱ्हा नव्हती. पेडण्याच्या दोन घरांत काकांना अशाच टोप्या मिळाल्या, कातडं काढून कापड लावलेल्या. करणाऱ्याचं नाव कातड्यावर, आणि कातडं उकिरड्यावर. आमच्या लोकांनी सोवळ्यापायी किती टोपीवाल्यांची नावं पुसली असतील कोण जाणे, असं काका हळहळून म्हणत.

तर त्यांना हवं होतं ते एवढंच: बाबांची टोपी कोणी केली? बाकीचा सगळा संग्रह त्या शोधात जमलेला. सारखी दिसणारी टोपी मिळाली की ते आणत, कडेचं वळण, फितीची गाठ, घाम जाण्याची भोकं ताडून बघत, आणि म्हणत, "ही न्हय." ती 'न्हय' म्हटलेली टोपी मग कपाटात जायची. गॅरेजभर त्या मडक्यांवर बसलेल्या म्हणजे एका प्रश्नाची चुकलेली उत्तरं होती. जगातल्या कुठल्याही टोपीचा बाप सांगणाऱ्या या माणसाला आपल्या बापाच्या टोपीचा बाप ठाऊक नव्हता, आणि ते त्यांना फार लागायचं.

नारळाची चूक दाखवणारी ती पोर्तुगीज बाई, तिच्या घराण्यात तीन पिढ्या टोप्यांचं काम. एका रविवारी काकांनी तिला फोनवर, कॅमेऱ्यातून वडिलांची टोपी दाखवली. मी फोन धरून होते. बाईने टोपी फिरवायला सांगितली, सपाट ठेवायला सांगितली, बाजूने बघितली आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी म्हणाली. काकांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा म्हटलं. फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"कातडें भितर आसा म्हणता."

तिचं म्हणणं सोपं होतं. कातडं काढलं की टोपी बसते, कडा लाटेसारखी होते, कपाळावर नीट राहत नाही. ही टोपी ताठ उभी आहे, म्हणजे कापडाच्या खाली कातडं आहे. कापड उसवा, नाव मिळेल.

मी बाजूच्या कपाटाकडे पाहिलं. पेडण्याच्या त्या दोन टोप्या तिथेच होत्या, दोन्ही बसक्या, कडा लोंबलेल्या. हातभर अंतरावर. "काका," मी म्हटलं, "तुम्हाला हे कधी कळलं नाही?"

त्यांनी चष्मा पुसला. "कळ्ळें ना अशें न्हय गो बाय. विचारूंक ना."

जगभरच्या टोप्यांच्या पोटात बोट घालणाऱ्या या माणसाने त्या एका पट्टीला कधी बोट लावलं नव्हतं. आता लावायचं तर आईचा शब्द मोडायचा, आणि तिच्या हातचे टाके कापायचे. तिच्या हातचं दुसरं काही घरात उरलंही नव्हतं. नाही लावायचं तर बाबांच्या टोपीचं नाव कायमचं आत. चतुर्थी झाली, दिवाळी झाली. काका टोपी काढत, झाडत, ठेवून देत. काकी म्हणाली, "उगड तरी. आय जावन कितलीं वर्सां जालीं."

"आय गेली. तिचें उतर उरलां," काका म्हणाले. उतर म्हणजे शब्द.

मग त्यांना छातीचं दुखणं आलं. मडगावला, मग बांबोळीला, असं करत महिनाभर हॉस्पिटल झालं. परत आले ते अर्धे होऊन. आल्या आल्या मला हाक मारली. "बाय, तुमच्या दवाखान्यात ऑपरेशनाचें पातें मेळटा न्हय? एक घेवन यो."

"आता कशाला ती धावपळ?"

"हांव वयर गेल्यार बाबा विचारतलो, इतलीं चेपीं पळयलीं, म्हजें कोणें केल्लें? किदें सांगूं?"

रविवारी सकाळी ते आंघोळ करून धूतवस्त्र नेसून बसले. सोवळ्यातली वस्तू, म्हणून हेही सोवळ्यात. मला हसू आलं आणि लगेच गेलं. काकी दारात उभी राहिली. काकांनी टोपी मांडीवर उलटी घेतली आणि एकेक टाका कापू लागले. कापलेला धागा ते ओढत नव्हते, चिमटीने उचलून बशीत ठेवत होते. पट्टी वाटली त्याहून जाड निघाली. लुगड्याच्या आत जुन्या सुती कापडाच्या घड्या होत्या, एकावर एक, नीट दाबून शिवलेल्या.

घड्या बाजूला झाल्या, आणि खाली कातडं होतं. तपकिरी, अखंड, नव्यासारखं. त्यावर सोनेरी अक्षरं. करणाऱ्याचं नाव, शहराचं नाव, सगळं स्वच्छ. मी वाचलं. काकांनीही वाचलं असणार, कारण त्यांचे ओठ हलले. पण त्यांचं बोट तिथे थांबलं नाही. ते पुढे सरकलं आणि पट्टीच्या टोकाशी थांबलं. तिथे टोपीच्या मालकाची आद्याक्षरं कोरलेली होती, पूर्वी श्रीमंत लोक कोरून घेत तशी. दोन अक्षरं. काकांच्या वडिलांच्या नावात ती कुठेच नव्हती.

काकांनी ती दोन अक्षरं बोटाने गिरवली.

"हीं ताटांर आशिल्लीं," काका शेवटी म्हणाले.

कुठल्या ताटांवर, ते त्यांनी हळूहळू सांगितलं. गावच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरची ताटं. वडील कचेरी सुटल्यावर संध्याकाळी त्या घरी लिहिण्याचं काम करायला जात. सणाला आई तिथे हाताखाली जायची आणि यांना सोबत न्यायची. ती ताटं पुसायची, आणि हे पाठीवरची अक्षरं बोटाने गिरवायचे. शाळेत जायच्या आधी शिकलेली ती त्यांची पहिली दोन अक्षरं.

म्हणजे टोपी पणजीच्या दुकानातली नव्हती. पहिल्या पगाराचीही नव्हती. भाटकाराची उतरलेली टोपी, कारकुनाला दिलेली. आणि ती घालून तो कारकून बाजारातून ताठ मानेने जात होता, सगळ्यांसाठी उचलत होता. म्हणजे कारण सोवळ्याचं नव्हतं, कातड्याचंही नव्हतं. आईला ती दोन अक्षरं झाकायची होती, आणि पुन्हा कोणी उसवू नये म्हणून तिने त्यावर सोवळ्याचा पहारा बसवला होता.

मला भीती वाटली, की आता हा माणूस मोडणार. दुखण्यातून उठलेला, त्यात हे. काकांनी मापाची फीत मागितली. त्यांनी कातड्याचं माप घेतलं, मग कापडाच्या घड्यांची जाडी बोटांत धरून बघितली. मग मान हलवली, एखादं अवघड टोपीचं कोडं सुटल्यावर हलवायचे तशी.

"भाटकाराची तकली व्हड. बाबाची ल्हान," ते म्हणाले. "मदलें आयेन भरलें."

दारातून काकी आत आली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. काका रडत होते की नाही हे मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होते.

मग त्यांनी सुई मागितली. दोरा मी ओवून दिला. घड्या जशा होत्या तशा बसवून, लुगड्याची पट्टी वर घेऊन, आईच्या टाक्यांच्याच भोकांतून सुई घालत ते शिवत राहिले. जेवण थंड झालं, काकीने हाक मारली नाही. शेवटची गाठ मारून त्यांनी टोपी मडक्यावर ठेवली, कपाट बंद केलं आणि मला विचारलं, "तुवें किदें पळयलें?"

"काही नाही."

"हांव आसा मेरेन काय ना," ते म्हणाले. म्हणजे ते असेपर्यंत काही नाही. "मागीर तुजी खुशी. मागीर राग येवंक कोण उरता?"

पोर्तुगीज बाईने दोनदा विचारलं, उसवलं का म्हणून. काकांनी उत्तर धाडलं. विषय: माझ्या वडिलांच्या टोपीबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की आत कातडं नाही. त्या उत्तराचं इंग्रजी मीच सुधारलं. तिने नंतर काही विचारलं नाही. तिच्याही घरात तीन पिढ्या टोप्या होत्या, तिला काय कळायचं ते कळलं असेल. करणाऱ्याचं नाव मला आजही पाठ आहे. ते मी इथे लिहिणार नाही.

त्यानंतर काही दिवसांनी कॉलेजची मुलं संग्रह बघायला आली. काका खुर्चीत बसून दाखवत होते, उभं राहवत नव्हतं. प्रत्येक टोपीखाली त्यांनी करणाऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेली चिठ्ठी होती, पेडण्याच्या त्या दोन टोप्यांखाली 'नाव माहीत नाही' असं लिहिलेली. फक्त त्या समोरच्या छोट्या कपाटातली चिठ्ठी कोरी. एका मुलीने नेमकं ते हेरलं.

"सर, हिचं नाव नाही?"

"आमच्या आईने कातडं काढून टाकलं, सोवळ्यापायी," काका त्यांच्या भाषणाच्या शुद्ध मराठीत म्हणाले. "नाव कातड्यावर असतं."

"मग कोणी केली हे कळणारच नाही?"

"कोणी केली ते नाही कळणार. कोणाची ते ठाऊक आहे." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "माझ्या वडिलांची. पणजीच्या दुकानातून आणलेली. पहिल्या पगाराची. लिहून घे."

मुलगी लिहू लागली. तिचं लिहून होईपर्यंत काका थांबले, आणि मग खुर्चीतून वाकून तिने बरोबर लिहिलंय ना ते पाहिलं.